तिल्काबाईसाहेबांची म्हाताऱ्यावर स्वारी

प्रथम वंदन गुडघ्यांस, की ज्यांवाचून चढण नाही आणि उतरण तर मुळीच नाही. द्वितीय वंदन आभाळास, की त्याची मर्जी फिरली असता भल्याभल्यांचे डाव पाण्यात जातात. तदनंतर स्लोव्हेनिया मुलखी, आल्प्स पर्वताचे कुशीत, कसबे झाब्रेग येथील गिरिभ्रमण मंडळाचे चिटणीस फ्लोर्यान यांनी, वर्तमान साली घडले तैसे, पदरचे मीठ थोडे आणि मिरी अंमळ जास्त घालून ही हकीकत लिहिली. कोणी म्हणेल की चिटणिसाने सभेचे वृत्तांत लिहावे, बखरी लिहू नयेत. तरी सभेच्या वृत्तांतात खरे कधी लिहीत नाहीत हे तमाम सभासदांस ठाऊक, म्हणोन बखर लिहिणे प्राप्त जाहले.

आमचे कसब्याचे माथ्यावर एक डोंगर बसला आहे, त्याचे नाव म्हातारा. डोंगर कैसा म्हणाल, तर पायांवर गर्द झाडीचे कांबळे, आणि मांडीवर नातवंडे घ्यावी तैसी दोन तळी घेतलेली, खाली धाकटे आणि वर थोरले, आणि थोरल्याचे वर उघडा खडक, आणि त्या खडकाचा एक अरुंद कणा पुढे आलेला, दोहों बाजूंस खोल कडा, त्यास म्हाताऱ्याचे नाक म्हणतात. आणि नाक ओलांडले की टक्कल, तेंच शिखर. पहाटे निघालेला माणूस धड असेल तर टक्कल गाठून दिवेलागणीस घरी सूप प्यावयास येतो. धड नसेल तर त्यास आणावयास लोक जातात.

आता या मुलखाचा रिवाज ऐसा की, जो आयुष्यात प्रथम शिखरी पोचला त्याने तेथेच ओणवे व्हावे, आणि जुन्या जाणत्याने दोराचे तीन फटके त्याचे बुडावर ओढावे, आणि मग त्यास मिठी मारून कडक दारूचा एक घोट पाजावा. फटक्यांपूर्वी तो पाहुणा, फटक्यांनंतर तो घरचा. आणि नोव्हेंबर मासी, संत मार्टिनाचे सणास, ज्या दिवशी द्राक्षाचा रस रीतसर दारू जाहला ऐसे मानितात, मंडळाचे दिवाणखान्यात मेजवानी होते, हंस भाजतात, लाल कोबी शिजवितात, आणि खिडकीपाशी एक लांब मेज मांडतात, त्यास मानाचे मेज म्हणतात. त्या मेजावर फटके खाल्लेल्या बुडांनीच बसावे, बाकी रयतेने भिंतीकडील बाकावर दाटीवाटीने राहावे, ऐसा मंडळाचा कायदा. तो कोणी केला हे कोणास ठाऊक नाही, परंतु मोडावयाची छाती कोणाची नाही.

कायद्याची राखण जातीने अध्यक्षा झोफ्काबाईसाहेब करीत. बाई सत्तरीच्या उंबरठ्यावर, अंगाने काटक, जिभेने त्याहून काटक, आणि म्हाताऱ्यावर इतके वेळा जाऊन आलेल्या की, त्यांस येताना पाहून म्हातारा आपले टक्कल ढगाने झाकून घेतो ऐसी वदंता. त्यांचा धाकटा भाऊ लोइझेराव, मधमाश्या पाळणारा, मऊ मनुष्य, कमरेचे हाड बदलून आणलेले. आणि या लोइझेरावांचे कुटुंब म्हणजे आमच्या बखरीच्या नायिका, श्रीमंत सौभाग्यवती तिल्काबाईसाहेब.

तिल्काबाई पूर्वेकडील सपाट प्रांतीच्या. तेथे सर्वांत उंच जागा म्हणजे विजेच्या खांबावरील करकोच्याचे घरटे, आणि तेथवर चढण्याचे कारण करकोच्यासही पंखांमुळे पडत नाही. लग्न होऊन झाब्रेगास आल्या त्या दिवशीच गावाने त्यांस 'सपाटीकर' हा किताब दिला, तो पोरे मोठी होऊन दूर शहरी गेली तरी परत घेतला नाही. ज्या रविवारी गाव डोंगरावर जाई, त्या रविवारी खाली आल्यावर गावास भूक लागे, आणि ती भागविण्याचे काम सपाटीकरांकडे असे. मार्टिनाचा हंस त्याच भाजीत, कोबी त्याच शिजवीत, आणि सर्वांचे वाढून जाहल्यावर मुदपाकाचे दारात उभ्याने जेवीत. हे कोणास खुपले नाही, कारण हंस फार चांगला होत असे.

गतसाली मार्टिनाचे रात्री ऐसे जाहले की, वाढता वाढता बाईसाहेबांचे पाय भरून आले आणि मानाचे मेजाशी एक खुर्ची रिकामी होती, तीवर त्या क्षणभर टेकल्या. तोच मेजाचे टोकाकडून झोफ्काबाईसाहेबांचा आवाज आला.

"तिल्का, अगं ती खुर्ची वर जाऊन आलेल्यांची आहे हं."

लोक हसले. वाईट मनाने हसले नाहीत, पण हसले. चिटणीसही हसला. तिल्काबाई उठल्या, कमरेच्या फडक्यास हात पुसले, आणि कोबीचे पातेले आणावयास आत गेल्या. घरी परतल्यावर त्यांनी बूट काढता काढता लोइझेरावांस फर्माविले ते ऐसे:

"पुढच्या मार्टिनाला मी त्या खुर्चीवर बसणार."

"बस की. कोण नाही म्हणतंय?"

"तुझी बहीण."

"मग अवघड आहे," लोइझेराव म्हणाले, आणि दिवा मालवला.

ऐसा युद्धास आरंभ जाहला.

मग सारा हिवाळा तयारीत गेला. बाईसाहेब दररोज बटाट्यांची पिशवी पाठीस लावून देवळाचे मनोऱ्याचे जिने चढत आणि उतरत. पाद्रीबाबांस प्रथम वाटले की बाई बटाटे देवास वाहते, आणि त्यांनी बुधवारी त्यांतले थोडे ठेवूनही घेतले. नवे बूट आले, दोन काठ्या आल्या, आणि गावात कुजबूज उठली की सपाटीकर काही तरी मोठे योजीत आहेत. झोफ्काबाईंचे कानी गेले तेव्हा त्यांनी इतकेच म्हटले की, बटाटे घरी नेऊन उकडा.

वसंतात, सफरचंदे मोहरली असता, पहिली स्वारी निघाली. फौज दोन माणसांची: बाईसाहेब आणि लोइझेराव. पैकी लोइझेरावांचे नवे हाड धाकट्या तळ्यापर्यंतच चालावयास राजी, त्यावर नाही, ऐसा वैद्याचा हुकूम होता. म्हणोन धाकट्या तळ्याचे काठी छावणी करून त्यांस रसदीवर ठेवले. तळे तेव्हा अर्धे मोकळे, अर्धे बर्फाखाली, आणि काठचे डोंगरघर, म्हणजे प्रवाशांस चहा-बिछाना देणारे ठाणे, अद्याप कुलूपबंद. बाईसाहेबांनी थोरल्या तळ्याचे चढणीस एकटीने हात घातला, आणि पहिली चढण मोठ्या शौर्याने मारली, आणि दुसरीवर जुन्या बर्फाने दगा दिला. पाय गेले, मग काठ्या गेल्या, मग बाईसाहेब बुडावर बसून त्या उतरणीने ऐशा वेगे आल्या की, ज्या वाटेस चढताना मोठा घाम गाळला ती वाट लोइझेरावांनी चहाचा घोट घेऊन गिळावा इतक्यात संपली. त्या थेट त्यांचे पुढ्यात येऊन थांबल्या.

"लागलं का?" लोइझेराव उठून धावत, म्हणजे लंगडत, आले.

"बुडाला लागलं."

"मग फटक्यांची सवय झाली म्हण."

बाईसाहेब यावर हसल्या, परंतु पाठीवरची पिशवी वरच राहिली होती, आणि पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे तीत उतरून अक्रोडाची भाकरी, उकडलेली अंडी आणि सफरचंदाची पोळी यांचा समाचार घेत होते. रसद गेली, सबब स्वारी मोडली. दोघे उपाशी घरी आले आणि दुसरे दिवशी गावात वर्तमान पसरले की, सपाटीकरांनी कावळ्यांस वनभोजन घातले.

तरी ही हार छातीवर घेण्यासारखी होती. खरी शिकस्त उन्हाळ्यात जाहली. ती लिहिताना चिटणिसाची लेखणीही अडखळते.

ऑगस्टात मंडळाची सालीना मोहीम असते. झोफ्काबाईसाहेब खासा पुढे, मागे सभासदांचा लवाजमा, आणि त्यात या साली तिल्काबाईंनी आपले नाव घातले. अध्यक्षांनी नाव वाचले, चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा वाचले. प्रातःकाळी कूच जाहले. कुरणात गाईंनी वाट अडवली, त्यांशी सलोखा करावा लागला. वरती बिळांतून राहणारी ती लठ्ठ जनावरे, खारीचे थोरले चुलते, शिट्या घालून आम्हां सर्वांची खबर एकमेकांस देत होती. धाकटे तळे मागे टाकले, ऊन लागत होते, झुडपांतून जांभळी बोरे पिकलेली, लोकांची तोंडे निळी जाहली. थोरले तळे लागले तेव्हा तिल्काबाई लवाजम्याचे मध्यभागी होत्या, मागे नव्हत्या, आणि तरुण माणसे त्यांचे मागे धापा टाकत होती हे चिटणिसाने डोळ्यांनी पाहिले.

मग नाक आले.

नाकावर खडकात पोलादी दोर ठोकलेला आहे, तो धरावा आणि समोर पाहून चालावे, इतकेच. परंतु बाईसाहेबांनी समोर न पाहता खाली पाहिले, आणि खाली थोरले तळे, जे आताच एवढे मोठे होते, ते बशीएवढे दिसले; आणि मग त्यांचे दोन्ही हात त्या दोरावर ऐसे मिटले की जैसे कुलूप. डोळेही मिटले. त्यांचे मागे वीस माणसे थांबली, आणि त्यांचे मागे दोन ऑस्ट्रियन पाहुणे थांबले, ते काय झाले म्हणोन मान उंच करून पाहू लागले.

पुढून झोफ्काबाई म्हणाल्या, "हात सोड आणि पाऊल टाक."

"हात सुटत नाहीये, वन्सं."

"सुटत नाही म्हणजे काय? तुझाच हात आहे ना?"

"वाटत नाही आत्ता."

चिटणीस पाठीशी होता. त्याने एकेक बोट उकलले, आणि पाचवे उकलेपर्यंत पहिले पुन्हा मिटे. ऐसा बराच काळ गेला, आणि तेवढ्यात पलीकडील शिखरांवर आभाळ काळे होऊन गडगडले. गडगडाट जाहला असता पोलादी दोराशी कोणी राहू नये हे शेंबड्या पोरासही कळते. झोफ्काबाईंनी जागेवरच माघारीचा हुकूम दिला. बाईसाहेबांस उलट पावली, एकाने पुढून आणि एकाने मागून धरून, नाकाबाहेर काढले, आणि सारी फौज पावसात भिजत धाकट्या तळ्याचे डोंगरघरी येऊन पडली. त्या मोहिमेत मंडळाचा एकही माणूस टक्कल पाहू शकला नाही. ऐसे पूर्वी कधी घडले नव्हते.

डोंगरघराचे किल्लेदार सिल्वो यांनी सर्वांस जवाचे सूप दिले. चमच्यांचा आवाज फार मोठा वाटत होता. तिल्काबाई चुलीपाशी बसल्या होत्या. अखेर झोफ्काबाई मोजे पिळत म्हणाल्या,

"काही माणसं डोंगराची नसतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. खाली स्वयंपाकालाही माणूस लागतोच."

तिल्काबाईंनी सूप संपविले, वाडगा धुतला, सवयीने इतर सर्वांचेही धुतले, आणि आल्या तैशा उतरल्या.

मग त्या कोठे दिसेनात. गायनमंडळीत येईनात, बाजारात लोइझेरावच टोपली घेऊन जात आणि भलतीच भाजी आणीत. बूट त्यांनी गरिबांस द्यावयाचे पेटीपाशी बाहेर काढून ठेवले. ते लोइझेरावांनी पाहिले, आत आणले, आपल्या पोळ्यांचे मेण कोमट करून शिवणीशिवणीस चोळले, आणि शेगडीपाशी वाळत ठेवले. बाईसाहेबांनी सकाळी ते पाहिले आणि पुन्हा बाहेर ठेवले. सायंकाळी ते पुन्हा शेगडीपाशी. ऐसा मूक संग्राम सप्टेंबरभर चालला, आणि बुटांस इतके मेण बसले की त्यांवरून पाणी तर काय, नजरही घसरे. ऑक्टोबरात बाईसाहेबांनी बूट बाहेर ठेवणे सोडले. जय कोणाचा हे सांगावयास नको.

नोव्हेंबर लागला. वरच्या रानात पानगळीच्या जातीच्या सुईपर्णी झाडांनी सोने पांघरले, आणि खाली खोऱ्यात धुक्याचे ताक घुसळले जात होते. हवामानवाल्यांनी सांगितले की हा रविवार शेवटचा कोरडा, मग बर्फ पडेल आणि वाट वसंतापर्यंत बंद. पुढला रविवार मार्टिनाचा. त्या दिवशी भल्या पहाटे लोइझेरावांचे दारी मोटार येऊन भोंगा वाजू लागला. तिल्काबाई दार उघडून पाहतात तो झोफ्काबाई, डोक्यास लोकरी टोपी, आणि मागील आसनावर चिटणीस, त्यास अंथरुणातून उचलून आणलेला.

"चल," झोफ्काबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"ब्लेड गावच्या तळ्यावर केक खायला! कुठे म्हणजे काय? बूट घाल."

"तुम्ही कशाला येताय, वन्सं? पुन्हा लोकांना सांगायला?"

"साक्षीदार लागतात. एकटी जाऊन आलीस आणि म्हणालीस पोचले, तर कोण मानणार? हा फ्लोर्यान लिहून घेईल. लोइझे, तूही चल, तळ्यापर्यंत. चहा घे. आणि सगळे असे बघत उभे राहू नका, ऊन येतंय."

ऊन येत नव्हते, धुके होते. परंतु हुकूम हुकूम. निघाले.

झाडी संपता संपता धुके खाली राहिले आणि अकस्मात सारे स्वच्छ जाहले. धाकट्या तळ्याचे काठी काचेसारखा पातळ बर्फ धरला होता, लोइझेरावांनी त्यास काठी लावून पाहिली, आणि मग डोंगरघराचे पायरीवर उन्हात घोंगडी पसरून, डबा उघडून, रसदीचे ठाणे सांभाळले. जाताना तिल्काबाईंस इतकेच म्हणाले, "उशीर झाला तरी मी इथेच आहे. मला काही काम नाही." थोरल्या तळ्यात वाऱ्याचा मागमूस नव्हता. म्हातारा त्यात उलटा, टक्कल खाली करून, स्वस्थ पडला होता.

मग नाक. खडक कोरडा, ऊन पाठीशी, दोर गार. पुढे झोफ्काबाई, मध्ये तिल्काबाई, मागे चिटणीस. उन्हाळ्यात जेथे हात मिटले होते, ठीक त्याच जागी ते पुन्हा मिटले.

झोफ्काबाई पुढे जाऊन मागे वळल्या. "मिटलेस डोळे? वाटलंच होतं."

"एक मिनिट द्या, वन्सं."

"एक मिनिट! लग्नाच्या दिवशीसुद्धा एक मिनिट म्हणालीस आणि सगळ्यांना चर्चच्या दारात तासभर ताटकळत ठेवलंस."

तिल्काबाईंनी एक डोळा उघडला. "ते माझ्यामुळे नव्हतं. तुमच्या भावाचा बूट सापडत नव्हता."

"माझ्या भावावर ढकलू नकोस."

"ढकलत नाहीये. बूट तुम्ही लपवला होतात, गंमत म्हणून. मला तेव्हाच कळलं होतं." आणि येथे त्यांचा पाय एक पाऊल पुढे पडला.

"कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

"नवी नवरी होते! बोलू देत होतात का तुम्ही कुणाला?" आणखी एक पाऊल. "आणि माझ्या आईनं घरचं भोपळ्याच्या बियांचं तेल आणलं होतं, बाटलीला रिबीन बांधून. तुम्ही वास घेतलात आणि चारचौघांत विचारलंत, ट्रॅक्टर कुठे लावलाय?"

"काळंच होतं ते."

"ते तसंच असतं!"

हा शब्द समोरील कड्यावर जाऊन आपटला आणि 'असतं, असतं' करीत परत आला. झोफ्काबाई मागे मागे सरत होत्या, पाठीने, एका हाती दोर, नजर भावजयीचे तोंडावर. आणि तिल्काबाई त्यांचे मागे, हाती दोर आहे की नाही याची शुद्ध नाही, बोट उगारून चालल्या होत्या.

"माझी आई पुन्हा कधी आमच्या घरी आली नाही. माहीत आहे?"

झोफ्काबाई थबकल्या. "नाही. मला नव्हतं माहीत."

"विचारलंत कधी?"

"नाही."

"आणि तुमच्या आईचं शेवटी सगळं मी केलं. आंघोळ, औषधं, कपडे. तुम्ही रविवारी यायचात, केक घेऊन, दारातच उभ्या राहायचात आणि मला म्हणायचात, उशी नीट नाही."

"उशी खरंच नीट नसायची," झोफ्काबाई म्हणाल्या. पुढे बोलल्या तेव्हा आवाज सभेतला नव्हता. "मला तिला तसं बघवायचं नाही, तिल्का. आत यायचा धीरच व्हायचा नाही. उशीबद्दल बोलणं सोपं होतं."

"मग तसं म्हणायचं होतं."

"आता म्हणतेय ना."

दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. अखेर चिटणिसाने घसा खाकरला आणि अर्ज केला की, बाईसाहेब, नाक संपलं.

तिल्काबाईंनी पायांखाली पाहिले. रुंद खडक होता, त्यावर गाई बांधाव्या इतका रुंद. दोर मागे राहिला होता आणि दोन्ही हात मोकळे होते.

"कधी?" त्यांनी विचारले.

"उशीच्या सुमारास," चिटणीस म्हणाला.

तेथून टक्कल म्हणजे पोराटोरांची चढण. शिखरी पोचले, तेथील खुणेचे खांबास हात लाविला, आणि झोफ्काबाईंनी पिशवीतून मंडळाचा जुना दोर काढला. तिल्काबाईंनी चष्मा चिटणिसाकडे दिला, गुडघ्यांवर हात ठेविले, आणि सपाट प्रांताकडे तोंड करून ओणव्या जाहल्या. पहिला फटका पडला.

"हे काय, धूळ झटकताय का?" तिल्काबाई ओणव्यानेच म्हणाल्या. "नीट मारा. उधार नको मला काही."

दुसरा नीट पडला. तिसरा ऐसा पडला की पलीकडील कड्यावरून कावळे उठले आणि बाईसाहेबांचे मुखातून सपाट प्रांतीची एक जुनी शिवी निघाली, ती येथे लिहिता येत नाही. मग रिवाजाप्रमाणे मिठी मारावी लागते. ती रिवाजाहून बरीच लांबली, म्हणोन चिटणिसाने सभ्यतेने देखावा पाहिला. देखावा चांगला होता. दारूची बाटली फिरली, आणि झोफ्काबाईंनी नाक शिंकरून फर्माविले की, फार वारा आहे, डोळ्यांतून पाणी येतं. वारा नव्हता.

परंतु जे चढले ते उतरलेच पाहिजे, आणि उतरताना नाक पुन्हा आले, आणि आता पंचाईत ऐसी की भांडण संपले होते. तिल्काबाई दोराशी उभ्या राहिल्या. बोटे मिटू लागली. डोळे मिटू लागले. झोफ्काबाई पुढे होत्या, त्या क्षणभर आभाळाकडे पाहत विचारात पडल्या, आणि मग म्हणाल्या,

"तुझ्या लाल कोबीत शहाजिरं जास्त असतं."

डोळे उघडले. "काय म्हणालात?"

"कधीपासून सांगायचं होतं. दातात अडकतं."

"तीन तीनदा घेता कोबी! ताट पुसून खाता!"

"भूक लागते म्हणून घेते. चांगला असतो म्हणून नाही."

"वन्सं!"

आणि ऐशा रीतीने नाक दुसऱ्यांदा सर जाहले, तेही धावत. तेव्हा चिटणिसाचे मनात प्रश्न उभा राहिला की, येताना जे जाहले ते स्वभावाने जाहले की मसलतीने. त्याने झोफ्काबाईंकडे पाहिले. झोफ्काबाईंनी दुसरीकडे पाहिले.

धाकट्या तळ्यावर लोइझेराव उठून उभे होते, घोंगडी खांद्यावर, चहा ओतलेला.

"नाकावर भांडत होतात ना?" ते म्हणाले. "इथपर्यंत येत होतं. तेल, तेल असं काहीतरी."

"हो," तिल्काबाई म्हणाल्या.

"आधी तेल झालं, मग बराच वेळ शांत, मग कोबी. म्हटलं, पोचून परत निघाल्या."

आणि ते चहाचा पेला बायकोचे हाती देते जाहले, परंतु बसावयास सांगितले नाही, कारण ताज्या फटक्यांवर बसवत नाही हे त्यांस ठाऊक होते.

मार्टिनाचे रविवारी बर्फ पडले. दिवाणखान्यात दिवे लागले, मानाचे मेज मांडले, आणि झोफ्काबाईसाहेबांनी सर्वांदेखत खुर्ची ओढून तिल्काबाईंस बसविले. लोकांनी पेले आपटून जयघोष केला. चिटणिसानेही आपटला, आणि गतसालचे हसू आठवून अंमळ जोराने आपटला. आता हंस कोणी भाजावा ही अडचण. ती लोइझेराव आणि किल्लेदार सिल्वो यांनी अंगावर घेतली, आणि मुदपाकातून प्रथम भांडी पडल्याचा, मग एकमेकांस दोष दिल्याचा आवाज, आणि मग करपल्याचा वास, ऐसे क्रमाने येऊ लागले. तिल्काबाईंच्या नाकपुड्या हालल्या. त्या अर्ध्या उठल्या.

"बस खाली," झोफ्काबाई म्हणाल्या.

"अहो, करपतोय तो."

"करपू दे. बस खाली."

सबब मंडळाचे दप्तरी येणेप्रमाणे दाखल करण्यात येते: की वर्तमान साली सौभाग्यवती तिल्काबाईसाहेब यांनी म्हातारा नाकासह दोन वेळा सर केला, एक वेळ जाताना आणि एक वेळ येताना, की फटके तीन, पैकी पहिला नामंजूर, की सपाटीकर हा किताब रद्द करावा ऐसा ठराव आला असता बाईसाहेबांनी उठून, तो माझा आहे, राहू द्या, ऐसे सांगितले, म्हणोन तो बहाल राहिला, की हंस एका अंगाने कोळसा आणि दुसऱ्या अंगाने जवळजवळ जिवंत असा मेजावर आला, कोबीत शहाजिरे मुळीच नव्हते आणि तो कोणास आवडला नाही, आणि हे सर्व चालले असता तिल्काबाईसाहेब बसल्याच राहिल्या.